सात वाजताची सुई

माझ्या भावाने मांजर आणलं ते मला न विचारता, आणि आणलं तेही आजारी. नुसतं एवढं सांगायला घेतलं तरी माझं डोकं अजून तापतं. प्राण्यांच्या त्या निवाऱ्यात चाळीस मांजरं होती. गुबगुबीत, चकचकीत, पडद्यावर चढणारी. त्यातून आमच्या दादाने निवडलं कोणतं, तर ज्याचा एक कान चुरगळलेला, केस जुन्या पायपुसण्यासारखे, आणि ज्याच्या फॉर्मवर ठळक लिहिलं होतं की याला मधुमेह आहे, रोज दोन वेळा इन्सुलिन टोचावं लागेल, जन्मभर. दादाने त्याखाली झोकात सही केली आणि बोका उचलून घरी आणला.

फॉर्म मी वाचला तो दुसऱ्या दिवशी. दादाला विचारलं, हे तुला माहीत होतं? त्याने बोक्याला मांडीवर ओढलं. मग म्हणाला, माहीत होतं की. चांगली मांजरं सगळेच नेतात, म्हणून हे आणलं. आता असल्या संतमहात्म्यापुढे आपण काय बोलणार? मी कपाळावर हात मारून घेतला आणि इन्सुलिन फ्रिजमध्ये कुठे ठेवायचं ते बघायला गेले.

घरात आम्ही दोघंच. दादा सत्तरीचा. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी अठ्ठावन्न वर्षांची, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, म्हणून वहिनी गेल्यावर त्याच्याकडे राहायला आले. दादा ग्रंथालयात बाइंडर होता. चाळीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवली, चिकटवली, पुठ्ठे चढवले. मी चष्म्याच्या दुकानात काच घासून फ्रेममध्ये बसवते. दुकानामागच्या खोलीत आमचं यंत्र सकाळी सातला सुरू होतं, म्हणून मी सहाला घर सोडते. परत येते ती संध्याकाळी सातला. बोक्याला टोचायचं सातला आणि सातला. म्हणजे सकाळचं मला शक्यच नाही, आणि संध्याकाळी मी चपला काढायच्या आत सिरिंज हातात.

त्या दिवशी रागाच्या भरात मी दादाला अट घातली. सकाळचं तुझं, संध्याकाळचं माझं. ज्या दिवशी तुझ्याने सकाळचं होणार नाही, त्या दिवशी मांजर निवाऱ्यात परत. दादा म्हणाला, कबूल. निवाऱ्यात परत म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. आजारी परत आलेल्यांसाठी मागच्या बाजूला पिंजऱ्यांची एक रांग होती आणि तिथून कुणी कुणाला नेत नसे.

दादाने त्याचं नाव ठेवलं सरकार. नाव शोभतं, कारण काम शून्य आणि खर्च अफाट. मधुमेही मांजर पाणी किती पितं हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. वाडगं भरलं की रिकामं, भरलं की रिकामं. आणि गेलेलं पाणी बाहेर येणारच. वाळूची पेटी दिली तर तिच्या कडेवर उभं राहून बाहेर सोडायचं. माझी कामाची चप्पल, दादाची उशी, इस्त्रीचे कपडे, एकदा तर माझ्या हिशेबाने अगदी ठरवून माझ्याच पर्समध्ये. मी त्या दिवशी पर्स धुवून डब्यासारखी खिडकीत वाळत घातली आणि दुकानात सगळं सामान पिशवीत नेलं. मालकांनी विचारलं, काय हो, पर्स कुठे? मी म्हटलं, सरकारजमा झाली.

हसायला ठीक आहे. पण दोन वर्षं मी कुठे गेले नाही. मैत्रिणीच्या मुलीचं लग्न बुडालं. संध्याकाळी कुणी चहाला थांबवलं की मी घड्याळाकडे बघायची आणि लोक माझ्याकडे बघायचे. मांजरासाठी? म्हणजे या बाईचं काहीतरी बिघडलंय, असा चेहरा. मला त्यांचा राग यायचा, त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच यायचा. आणि एवढं करून बोका मला फिस्कारायचा तो फिस्कारायचाच. दादाच्या मांडीवर मात्र लोण्यासारखा विरघळून पडलेला. टोचतो तर तोही, मग मी काय घोडं मारलं होतं त्याचं?

आणि साखर जागेवर येत नव्हती ती नव्हतीच. मांजरांचा डॉक्टर तरुण होता, शांत होता, त्यामुळे मला आणखीच राग यायचा. दर महिन्याला रक्त काढायचा आणि मान हलवायचा. एकदा साखर आभाळाला, पुढच्या वेळी तळाला. दोन युनिटचे तीन केले, तिनाचे चार. विचारायचा, दोन्ही वेळा नियमाने देता ना? मी म्हणायची, माझा भाऊ बाइंडर होता हो, केसाएवढा दोरा सुईत ओवायचा, त्याच्या हाताबद्दल शंका नको. दादा शेजारी बोक्याला कुरवाळत बसलेला असायचा.

शंका मला बोक्याचीच होती. मेला मुद्दाम आजारी राहतोय, असं मला खरंच वाटायचं.

मग त्या मंगळवारी अकराच्या सुमाराला दुकानात फोन आला. दादाचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. म्हणाला, सरकार उठत नाहीये, मान टाकली आहे, पाय थरथरतायत. डॉक्टरने असं झालं तर काय करायचं ते सांगून ठेवलं होतं. मी ओरडूनच सांगितलं, हिरड्यांना मध चोळ आणि तसाच उचलून दवाखान्यात ने. चष्म्याची काच यंत्रात तशीच सोडून मी निघाले. बसमध्ये माझ्या डोक्यात एकच. याने दोनदा टोचलं. विसरला आणि परत टोचलं. सत्तरी झाली, आता विसरायला लागला.

दवाखान्यात पोचले तोवर बोक्याच्या पायात नळी लावली होती आणि तो डोळे उघडून माझ्याकडे नेहमीच्याच तुच्छतेने बघत होता. म्हटलं, वाचला. दादाच्या बोटांना, शर्टाला, अगदी भुवयांनाही मध लागला होता. मी तिथेच सुरू केलं. किती वेळा दिलंस? आठव नीट. दोनदा दिलंस ना? तो म्हणाला, एकदाच दिलं गं, ठमे. ठमी हे माझं त्याने पाळण्यात ठेवलेलं नाव, आणि ते तो भांडण नको असलं की वापरतो. मी म्हटलं, ठमी-बिमी नको, खरं सांग.

डॉक्टरने आम्हाला दोघांना टेबलाशी बोलावलं. मिठाच्या पाण्याची छोटी बाटली आणि दोन कोऱ्या सिरिंजा ठेवल्या. म्हणाला, रोज घरी जसं करता तसं मला करून दाखवा. चार युनिट भरा. मी भरले, त्याने पाहिले, ठीक म्हणाला. मग दादाने सिरिंज घेतली. सुई बाटलीत बरोबर घातली, बाटली उलटी केली, दट्ट्या अंगठ्याने हळूहळू मागे ओढला. सिरिंजकडे पाहिलंच नाही. अंगठा किती सरकला त्याचा नुसता अंदाज घेत होता. मग सिरिंज पुढे केली आणि म्हणाला, "हे घ्या, चार."

अकरा होते.

डॉक्टर म्हणाला, बाबा, परत एकदा करू या. दुसऱ्यांदा दीड भरले. दादा म्हणाला, इथे उजेड कमी आहे. त्या खोलीत छतावर चार ट्यूब जळत होत्या आणि टेबलावरचा दिवा सरळ त्याच्या हातावर होता.

बोक्याला त्यांनी एक दिवस ठेवून घेतलं. मी दादाचा दंड धरला आणि तडक दुकानात आणला. सबंध रस्ताभर मी त्याला सांगत होते की हे शक्यच नाही. कारण गेल्या वर्षी याचे डोळे मी स्वतः तपासले होते. खुर्चीत बसवलं, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली, आणि पठ्ठ्याने वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत एकही चूक न करता वाचलं होतं. मी सगळ्या दुकानाला सांगत सुटले होते, माझ्या भावाचे डोळे बघा, या वयात. मालकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

मंगळवारी दुकानात डोळ्यांच्या डॉक्टर बाई येतात. त्यांना मी घडलं ते थोडक्यात सांगितलं. त्यांनी दादाला खुर्चीत बसवलं. आमचा तक्ता म्हणजे भिंतीवरची पेटी, आतून दिवा लागतो तेव्हा अक्षरं दिसतात, नाहीतर नुसती काळी काच. बाई म्हणाल्या, डावा डोळा झाका आणि वरपासून वाचा. आणि बटणाकडे हात नेला.

दादाने वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसरी.

दिवा अजून लागला नव्हता.

बाईंचा हात बटणापाशी तसाच राहिला. मी काळ्या काचेकडे बघत होते आणि माझा भाऊ तिच्यावरची खालची ओळ खणखणीत आवाजात वाचत होता. संपल्यावर त्याने हात खाली घेतला. कुणी काही बोलत नाही हे त्याच्या लक्षात आलं असावं. म्हणाला, "दिवा लावला नव्हता का?"

वहिनी गेल्यापासून सहा वर्षं हा माणूस रोज दुपारी माझा डबा घेऊन दुकानात येतो. डबा दिला की गिऱ्हाइकांच्या बाकावर दोन-तीन तास बसतो, कारण घरी करमत नाही. खुर्ची बाकाच्या पुढ्यातच. दिवसाला वीस माणसं त्या खुर्चीत बसून तीच अक्षरं मोठ्याने वाचतात. ऐकून ऐकून पाठ झाली. मुद्दाम नाही गं केलं, असं तो म्हणाला. गेल्या वर्षी तू बसवलंस, मला वरचं एक अक्षर धूसर दिसलं, आणि पुढची आपोआप तोंडात आली. मी थांबणार होतो. पण तू इतकी खूश झालीस, सगळ्यांना बोलावलंस. मग काय सांगणार?

वाचायच्या चष्म्याचं तेव्हा मी विचारलं होतं. जुनाच बरा आहे म्हणाला होता. वर्तमानपत्र त्याने बंद केलं तेव्हा म्हणाला, बातम्या रोज त्याच असतात. मी म्हटलं होतं, आळशी झालास. चष्म्याच्या दुकानात तीस वर्षं काढलेली बाई मी, आणि माझ्या घरात हे. लाज वाटायला लागली की मला राग येतो, तसा आला. कुणावर काढू ते कळेना म्हणून मी बाईंवर काढला. म्हटलं, काय ते सांगा लवकर, काचा मी आजच घासते.

बाईंनी यंत्रातून दोन्ही डोळे आतून बघितले आणि सांगितलं, काच घासून उपयोग नाही. डोळ्याचा आतला पडदा मधोमध झिजलाय, दोन्हीकडे. कडेचं दिसतं, म्हणून ते रस्त्याने चालतात, स्वयंपाक करतात, कुणाला कळत नाही. समोरचं बारीक दिसणार नाही. मोठ्या इस्पितळात नेऊन उरलेलं टिकवता येतं का बघा, पण गेलंय ते येणार नाही. मी विचारलं, गेल्या वर्षी कळलं असतं तर? बाईंनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग म्हणाल्या, तेव्हा जास्त उरलं असतं.

घरी येताना मी एक शब्द बोलले नाही. हे माझ्या बाबतीत इतकं विरळ आहे की दादा घाबरला असणार. घरात शिरल्यावर त्याने स्वतःहूनच बोलायला सुरुवात केली. म्हणाला, तो फॉर्म मी वाचलाच नव्हता. वाचता येत नव्हता. तिथल्या मुलीने सांगितलं असेल, पण मांजरं ओरडत होती. हे एकटं हाताशी येऊन घासलं, म्हणून हे घेतलं. मधुमेहाचं मला तुझ्याकडूनच कळलं. मग कुठल्या तोंडाने सांगणार?

मी म्हटलं, आणि दोन वर्षं टोचत राहिलास? न बघता?

तर म्हणतो कसा, चाळीस वर्षं मी पुठ्ठे चिकटवायची खळ अंगठ्याच्या अंदाजाने लावली, कधी कमी-जास्त झाली नाही. वाटलं, हेही जमेल.

खळ! मला हसावं की त्याला बदडावं कळेना. पुस्तकाला खळ जास्त झाली तर पुसता येते रे, माणसा. मी बरंच बोलले. आंधळ्यासारखा वागलास असं बोलले, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर जीभ चावली. दादाने ऐकून घेतलं. मग उठला, कपाटावरचा कापडी पिंजरा काढला, आतली चादर झटकून घडी करून ठेवली. म्हणाला, "तू अट घातली होतीस. उद्या दवाखान्यातूनच सोडून येऊ. घरी आणलं तर माझ्याने होणार नाही."

दोन वर्षं मी या क्षणाची वाट बघितली होती असं म्हटलं तर खोटं नाही. चपला कोरड्या, उशा कोरड्या, संध्याकाळ माझी. आणि समोर हा उभा, पिंजऱ्याची चेन लावतोय, चेनचं टोक त्याला सापडत नाहीये, आणि मला मदतीला बोलावत नाहीये. बोका परत गेला असता तर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता याने काय केलं असतं? दिवसभर काय केलं असतं? दिसत नाही म्हणून काढून घेण्यासारखं दुसरं काहीच त्याच्याकडे उरलं नव्हतं. माझ्या रागाचा सगळा जोर गेला आणि मी खाली बसून रडले. दादाला वाटलं मी बोक्यासाठी रडतेय. म्हणाला, तुला तर तो आवडत नव्हता. मी म्हटलं, अजूनही आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दादा बोलायच्या आत मी डॉक्टरला सांगितलं की माझ्या भावाला बारीक दिसत नाही, मला सकाळी सहाला निघावं लागतं आणि मांजर परत जाणार नाही, आता तुम्ही तुमचं डोकं चालवा. डॉक्टर आत जाऊन एक पेन घेऊन आला. माणसांच्या मधुमेहासाठी असतं तसंच इन्सुलिनचं पेन. मागचं बूड फिरवलं की टिक होतं. एक टिक, एक युनिट. बघायचं काही नाही, मोजायचं फक्त. मात्रा त्याने पहिल्यापासून धरली, दोन युनिट, कारण गेली दोन वर्षं बोक्याच्या अंगात खरं किती गेलं ते देवालाच ठाऊक. दादाने पेन हातात घेतलं, फिरवलं, परत फिरवलं. कान तिरका करून ऐकत होता.

मी आठवडाभर रजा टाकली. रोज सातला दादा पेन फिरवायचा आणि मी त्याच्या खांद्यावरून आकडा बघायची. पहिल्या दिवशी दोन. दुसऱ्या दिवशी तीन, कारण खाली कुणीतरी हॉर्न वाजवला. मी लगेच ओरडले. त्याने काही न बोलता परत शून्यावर नेलं आणि परत मोजलं. तिसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी त्याने पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, "ठमे, तू मागे उभी राहून श्वास रोखून धरतेस ना, तेव्हा मला मोजता येत नाही. तू असशील तोवर मला जमणार नाही."

मी म्हटलं, मी बघणार.

तो म्हणाला, "मग तूच टोच. जन्मभर टोच."

मी चिडून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी आपटली. त्या दिवशी त्याने काय दिलं मला माहीत नाही. बोका दिवसभर ठणठणीत होता. मी दर तासाला जाऊन त्याचे पाय बघत होते आणि तो मला दर तासाला फिस्कारत होता.

सोमवारी रजा संपली. सहाला मी नेहमीसारखी निघाले, दादाने दार लावून घेतलं. मी जिन्याच्या चार पायऱ्या उतरले आणि पुढे पाऊल उचलेना. चपला काढल्या, परत वर आले, दाराबाहेर पायरीवर बसले. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. वरच्या मजल्यावरचे शिक्षक खाली उतरताना थबकले. मी त्यांना तोंडावर बोट ठेवून पुढे जायची खूण केली, तेही बिचारे चवड्यावर गेले. आतून वाडगं ठेवल्याचा आवाज आला. बोक्याचं खाणं. मग फ्रिजचं दार. मी दाराला कान लावला.

एक टिक.

दुसरी टिक.

मी तिसरी ऐकू येते का त्याची वाट बघत होते. माझा हात कडीवर होता. तिसरी आली तर दार ठोठावायचं, मग तो जन्मभर माझ्याशी बोलला नाही तरी चालेल. श्वास रोखून धरला होता मी, तो म्हणाला होता अगदी तसाच. आत काहीच आवाज नव्हता. मग बोक्याने एकदा गुरकावलं, नेहमी टोचल्यावर गुरकावतो तसं, आणि दादाचा आवाज आला.

"झालं बघ, सरकार. दोनच. बाहेर ती बसली आहे, तिला कळू देऊ नको की आपल्याला माहीत आहे."

मी चपला हातात घेऊन जिना उतरले.